जबलपूरच्या गच्चीवर शून्य रुपयांचे बिल

मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ असली तरी विजेच्या कारभाराची राजधानी जबलपूर आहे. रामपूर भागातले शक्ती भवन हे जुन्या वीज मंडळाचे मुख्यालय. मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या, तरी निर्मिती, पारेषण आणि वीज खरेदी पाहणाऱ्या तिन्ही कंपन्यांची मुख्यालये इथेच राहिली. राज्यभरातील मागणी-पुरवठ्याचा तोल सांभाळणारे भार प्रेषण केंद्र इथे आहे आणि पूर्व क्षेत्र वितरण कंपनीही इथलीच. गावातली कितीतरी मराठी घरे रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, खमरियाचा आयुध कारखाना आणि वीज मंडळ अशा नोकऱ्यांवर उभी राहिली. त्यामुळे विजेबद्दल जाणकारीने बोलणारी माणसे इथे गल्लोगल्ली भेटतात. गेली दोन वर्षे या मंडळींकडेही आणि बाकीच्यांकडेही विचारणा चालली आहे ती एकाच गोष्टीची: गच्चीवर सोलर टाकले, घरातली उपकरणे बदलली, तर विजेचे बिल खरोखरच शून्यावर येते का?

माझे उत्तर असे, की बिल शून्याच्या अगदी जवळ येते. पण प्रत्येकाच्या घरी येत नाही आणि नुसती पॅनेल टाकून तर येतच नाही. आधी वापर कमी करायचा, मग वीज तयार करायची आणि शेवटी वापराची वेळ बदलायची, हा क्रम ज्या घरांनी पाळला त्यांचे पैसे लवकर वसूल होतात. आधी गच्ची भरून टाकणाऱ्यांचे होत नाहीत.

सुरुवात बिलाच्या कागदापासून करावी, कारण जबलपूरचे बिल पुण्या-नागपूरच्या बिलासारखे नाही. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला सरकारी अनुदान मिळते. पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये, वरच्या ५० ना नेहमीचा दर. ही योजना आधी इंदिरा गृहज्योती होती, पुढे अटल गृहज्योती झाली. मोजमाप सोपे आहे: रोजचे पाच युनिट. त्या मर्यादेच्या आत राहिलात तर बिल शेकड्यांत राहते. ओलांडलीत, की त्या महिन्यापुरते सगळे अनुदान जाते आणि पहिल्या युनिटापासून पूर्ण दर लागतो. शिवाय १५० च्या वर स्थिर आकाराची रीतच बदलते. दर १५ युनिटांना ०.१ किलोवॉट भार धरून तो आकारला जातो, म्हणजे वापर वाढला की स्थिर आकारही वाढतो. १५० युनिटांचे आणि १५१ युनिटांचे बिल शेजारी ठेवून पाहा. एका युनिटापायी फरक पाचशे रुपयांच्या वर जातो.

बहुतेक सौर-विक्रेते ही १५० ची रेषा ग्राहकाला दाखवत नाहीत. ज्याचा वापर बाराही महिने १३०-१४० युनिट आहे, त्याचे बिल आधीच चारशेच्या आसपास असते. त्याने लाखभर रुपये गच्चीवर घालून वर्षाला चार-पाच हजार वाचवायचे, हा व्यवहार घाईने करण्यासारखा नाही. याउलट ज्याचे घर उन्हाळ्यात १८०-१९० वर जाते, त्याच्या हातात पॅनेलपेक्षा फार स्वस्त उपाय आहे.

तो उपाय म्हणजे पंखा. आपल्या घरांत अजून जो जुना पंखा फिरतो तो सुमारे ७५ वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. तीन पंखे रोज बारा तास धरले तर रोज दीड युनिटाहून अधिक आणि महिन्याला जवळपास ४८ युनिट वाचतात. १९० चे घर १४२ वर आले, म्हणजे रेषेच्या आत आले. असे पंखे अडीच ते साडेतीन हजारांना मिळतात आणि वर सांगितलेल्या घराचे हे पैसे दोन उन्हाळ्यांत निघतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा बचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात पंखा घेताना आता रंगाआधी तारे मोजायला हरकत नाही. दिव्यांचे काम तर झालेच आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली तेव्हा तीनशेच्या घरात असलेला एलईडी बल्ब पुढे शंभराच्या आत आला, आणि आज पिवळा बल्ब शोधूनही सापडत नाही.

मग येतो गारवा. जबलपूरचा उन्हाळा कोरडा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवेत दमटपणा नसतो आणि म्हणून इथे कूलर खरेच चालतो. तो दीडशे-दोनशे वॉटमध्ये खोली गार करतो, त्याच खोलीला दीड टनाचा एसी हजार-बाराशे वॉट मागतो. जूनच्या मध्यानंतर पाऊस आला की कूलरचा उपयोग संपतो आणि ज्यांना परवडते ते एसी लावतात. त्या दोन-अडीच महिन्यांसाठी एसी, उरलेल्या उन्हाळ्यासाठी कूलर, अशी वाटणी केलेल्या घराचे बिल बाराही महिने एसीवर भिस्त ठेवणाऱ्या घरापेक्षा बरेच खाली राहते. एसी लावला तरी तो २४ अंशांवर ठेवावा. २०२० पासून नवे एसी मुळात त्याच तापमानावर लावून येतात, आणि ते अंशाने वाढवले तर साधारण सहा टक्के वीज वाचते.

घराच्या बांधणीचे तर आपण पार विसरूनच गेलो. राइट टाउन, नेपियर टाउनचे जुने बंगले पाहा: जाड भिंती, उंच छत, कौले, रुंद व्हरांडा, पश्चिमेला आंबा किंवा कडुनिंब. हे सारे हवामान ओळखून केले होते. त्या जागी आज पाच इंची भिंतींचे, सपाट स्लॅबचे, पश्चिमेला मोठ्या काचा लावलेले घर उभे राहते आणि मग ते थंड ठेवण्यासाठी आयुष्यभर वीज विकत घ्यावी लागते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. भिंती-छतांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात ठरवली आहे, पण घर बांधताना ती वाचणारा वास्तुविशारद अजून दुर्मीळच. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनी निदान गच्चीला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग द्यावा. वरच्या मजल्याची खोली दोन-चार अंशांनी उतरते आणि खर्च पंखा बदलण्याच्या पुढे जात नाही.

थंडीतला चोर म्हणजे गिझर. दोन किलोवॉटचा गिझर रोज तासभर चालला की महिन्याला ६० युनिट. डिसेंबर-जानेवारीत जबलपूरला पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, पण दिवसभर ऊन लख्ख असते. सौर पाणीतापक यासाठीच आहे. पॅनेलच्या गाजावाजात तो मागे पडला, याचे मला वाईट वाटते, कारण गच्चीच्या चौरस फुटामागे सर्वांत जास्त काम तोच करतो. पुणे महापालिका असा तापक बसवणाऱ्या घराला मालमत्ता करात सवलत देते. अशी सवलत प्रत्येक शहराने द्यावी.

एवढे झाल्यावर गच्चीवर चढावे.

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, असा तिचा आवाका. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून अधिकला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. अट अशी, की पॅनेलमधील सेलही भारतात बनलेले हवेत. मार्च २०२५ पर्यंत देशात दहा लाख घरांवर संच लागले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दहा किलोवॉटपर्यंतच्या संचाला वितरण कंपनीने वेगळा तांत्रिक अभ्यास मागायचा नाही, अर्ज मान्य झाला असेच धरायचे, अशी दुरुस्ती ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झाली. कागदपत्रांचा त्रास यामुळे बराच कमी झाला. तीन किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय, गृहकर्जाहून स्वस्त कर्जही बँका देतात.

जबलपूरचे ऊन या कामाला चांगले आहे. शहर २३ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून तेवढ्याच अंशांनी कलते ठेवले की वर्षाचा हिशेब उत्तम जमतो. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, म्हणजे तीन किलोवॉटला महिन्याला ३५० च्या आसपास. मात्र हा वर्षाचा सरासरी आकडा आहे. जुलै-ऑगस्टच्या झडीत तो जवळपास निम्म्यावर येतो. मे महिन्यातही लोक समजतात तितकी वीज मिळत नाही, कारण पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. भर दुपारी काच साठ अंशांवर तापते आणि पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्का उत्पादन घटते. सर्वांत चांगले महिने फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल. हे माहीत नसलेला माणूस मेमध्ये मोबाइलवर आकडे पाहून विक्रेत्याशी भांडायला जातो.

महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराला वरच्या टप्प्यात युनिट सात रुपयांच्या आसपास पडते, वर इंधन अधिभार, शुल्क आणि तो वाढता स्थिर आकार. अशा घराने तीन किलोवॉटचा संच लावला तर अनुदान वजा जाता लाखभर रुपयांत काम होते आणि चार-पाच वर्षांत ते वसूल होते. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे, इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागेल. महाराष्ट्रात हेच गणित आणखी लवकर सुटते, कारण तिथे १०० युनिटांच्या वर वहन आकारासह दर दहा-अकरा रुपयांच्या पुढे जातो. महाराष्ट्रात घरगुती सौर संचांत नागपूर जिल्हा आघाडीवर आहे, त्याला विदर्भाच्या उन्हाइतकेच तिथले बिलही कारण आहे. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी तर २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. मध्य प्रदेशात सांचीला सप्टेंबर २०२३ मध्ये देशातील पहिले सौरशहर म्हणून घोषित केले गेले. तिथे जवळच्या नागौरी टेकडीवर तीन मेगावॉटचा प्रकल्प आहे. जबलपूरहून ईशान्येला रीव्याजवळचा ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० साली राष्ट्राला अर्पण झाला. २०१७ च्या लिलावात त्याची वीज पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैशांना ठरली होती, आणि त्यातला हिस्सा दिल्ली मेट्रोला जातो. ऊन स्वस्त वीज देऊ शकते, याचा पुरावा आपल्याच विंध्य प्रदेशात उभा आहे.

गच्चीवरचा संच घेताना लोकांची सर्वांत मोठी फसगत होते ती एका ठिकाणी. साधा, विजेच्या जाळ्याला जोडलेला संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. डोक्यावर कडक ऊन, पॅनेल चकचकीत, आणि घरात पंखा थांबलेला. हा बिघाड नसून रचनाच तशी आहे. बाहेरच्या तारेवर लाइनमन काम करत असताना आपल्या घराची वीज तिच्यात शिरू नये, म्हणून इन्व्हर्टर क्षणात सुटतो. वीज जाण्यावर उपाय हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च बराच चढतो. माझे मत असे, की शहरात जिथे वीज तासाभराच्या आत परत येते तिथे बॅटरीवर पैसे घालू नयेत. घरातला जुना इन्व्हर्टर त्यासाठी पुरे. जबलपूरजवळच्या पाटण, शहापुरा, कुंडम या बाजूच्या गावांत जिथे वीज बराच वेळ जाते, तिथे हिशेब वेगळा होईल.

दुसरी गोष्ट सांगाड्याची. गच्ची पापड-कुरडयांना आणि उन्हाळ्यात झोपायला हवी म्हणून लोक पॅनेल आठ-दहा फूट उंचावर चढवतात. इच्छा रास्त आहे. पण २२ मे १९९७ च्या पहाटे या शहराने ५.८ तीव्रतेचा भूकंप पाहिला आहे आणि मेअखेरची वादळे दरवर्षी येतात. जुन्या गढ्यातल्या किंवा मिलौनीगंजच्या घरांच्या स्लॅबवर एवढे ओझे टाकण्याआधी अभियंत्याला एकदा गच्चीवर आणावे. नुसते चार बोल्ट ठोकून जाणाऱ्या माणसाला काम देऊ नये. मदन महालच्या टेकड्यांजवळ राहणाऱ्यांनी तारा पाइपमधून न्याव्यात, माकडे उघड्या तारा ओढतात. धूळ आठवड्या-पंधरवड्याला सकाळी धुवावी. बोअरचे क्षाराचे पाणी असेल तर काच लगेच पुसावी, नाहीतर पांढरे डाग बसतात. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकूच नये.

आणि झाड तोडू नये. सावलीत आलेले एक पॅनेल साऱ्या ओळीचे उत्पादन खाली आणते, म्हणून अंगणातला आंबा छाटण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आंबा पश्चिमेच्या भिंतीवर जी सावली धरतो तीच घराचा निम्मा कूलर आहे. पॅनेल दुसऱ्या कोपऱ्यात न्यावे, नाहीतर प्रत्येक पॅनेलला वेगळा छोटा इन्व्हर्टर लावावा. थोडा खर्च वाढेल, पण तो करावा.

'स्मार्ट' उपकरणांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांत बोलणे जास्त आणि बचत कमी आहे. आवाजावर चालणारे दिवे, मोबाइलवर उघडणारे पडदे यांनी बिल उतरत नाही. उलट ती उपकरणे स्वतः चोवीस तास थोडी थोडी वीज घेत राहतात. उपयोगाची दोनच: गिझरला आणि पाण्याच्या मोटरला लावलेला टायमर, आणि आपण कधी किती वीज वापरतो हे दाखवणारा मीटर. हा दुसरा आता वितरण कंपनीच बसवते आहे. स्मार्ट मीटरवरून शहरात शंका आणि वाद आहेत. ते कंपनीने मोकळेपणाने मिटवावेत, जुना मीटर काही दिवस शेजारी ठेवून तपासणी मागणाऱ्या ग्राहकाला नाही म्हणू नये. पण त्याचा एक थेट फायदा आहे. मध्य प्रदेशात २०२५-२६ च्या दरपत्रकात स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर २० टक्के सवलत दिली आहे. ज्याच्याकडे गच्ची नाही, त्यालाही ती मिळते. कपडे धुणे, इस्त्री, टाकी भरणे ही कामे त्या वेळेत ढकलली की झाले.

ही सवय पुढे अधिक मोलाची ठरणार आहे. आज नेट मीटरमुळे दुपारी दिलेली वीज रात्री परत मिळते, जाळे जणू आपली बँक आहे. ही सोय कायम अशीच राहील असे धरू नये. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून अधिक घरांवर पॅनेल आहेत आणि दुपारी वीज इतकी होते, की तिला भाव राहत नाही. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना परत घेतलेल्या विजेचा मोबदला बराच कमी केला. महाराष्ट्रात २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी दिवसाची सौर वीज रात्रीच्या वापरातून वजा होणार की नाही, यावरून छतसौर ग्राहकांनी हरकती घेतल्या. वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटांना ग्राहकाच्या दराने पैसे मिळत नाहीत, ते कमीच मिळतात. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच लावून वीज विकून कमाई करू, हा विचार सोडावा. स्थिर आकार तर नेट मीटर असूनही भरावाच लागतो, त्यामुळे कागदावर अक्षरशः शून्य लिहिलेले बिल विरळाच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे काय, हा आधारताल-विजयनगरच्या नव्या इमारतींतला प्रश्न आहे. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि वाहन चार्जिंगसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. देखभालीच्या मासिक वर्गणीतला मोठा भाग याच विजेवर जातो. पण गच्ची कोणाची, यावरून संस्थांच्या सभांत बोलणी अडतात. बिल्डरने गच्चीचे हक्क राखून ठेवले असतील तर ते घर घेण्याआधी वाचावे.

घरातली ऊर्जा विजेपुरती नसते, स्वयंपाकाचा गॅसही त्यात येतो. यात मराठीही बोलल्या जाणाऱ्या बैतूल जिल्ह्याने वाट दाखवली. घोडाडोंगरी भागातल्या बांचा या आदिवासी गावात २०१८ च्या अखेरीस सुमारे ७५ घरांत सौर पॅनेल, बॅटरी आणि इंडक्शन शेगडी बसली. शेगडीची रचना मुंबई आयआयटीची. सरपण आणि धूर दोन्ही कमी झाले. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या कामातून, खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस संच तयार केला आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शहरातल्या चार माणसांच्या घरात सिलिंडर त्याने पुरता सुटत नाही, पण लांबतो. ज्याच्या गच्चीवर दुपारची वीज शिल्लक राहते त्याने भात-डाळ इंडक्शनवर शिजवावी, हे मला यातले सर्वांत सोपे पाऊल वाटते.

जबलपूरकराने हा विचार फक्त रुपयांत करू नये, असे मला मनापासून वाटते, कारण आपली वीज कुठून येते ते आपण इतरांपेक्षा जवळून पाहिले आहे. बरगी धरण आपल्या दाराशी. त्याचे जलविद्युत केंद्र ९० मेगावॉटचे. त्या जलाशयाने मंडला, सिवनी आणि जबलपूरची १६२ गावे बाधित केली. ती माणसे आज शहरातल्या रांझी-गोरखपूरच्या बांधकामांवर आणि आपल्या घरांत राबतात. बाकीची बरीचशी वीज बिरसिंगपूर, चचाई, सारणी इथल्या कोळशाची. मंडला जिल्ह्यात चुटक्याला अणुवीज प्रकल्प आणायचा ठराव झाला, तोही बरगीच्या विस्थापितांच्याच गावांत. दोनदा उठवले जाण्याची भीती असलेल्या त्या लोकांसमोर शहरातल्या माणसाने गच्च्या दिवसा मोकळ्या ठेवून वीज मागत राहणे मला पटत नाही. तीन किलोवॉटने नर्मदेकाठचे एकही घर परत येणार नाही, पण पुढचे घर उठवण्याची गरज थोडी तरी कमी होईल.

तेव्हा ज्यांचा वापर १५० च्या आत आहे त्यांनी पंखे बदलावेत, गच्ची पांढरी करावी आणि सोलरची घाई करू नये. १५० ते २०० मध्ये असलेल्यांनी आधी रेषेच्या आत यावे. २५० च्या वर असलेल्या, स्वतःची मजबूत गच्ची असलेल्या घरांनी मात्र आता थांबू नये. सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. मागच्या बारा महिन्यांची बिले काढा, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान महिना शोधा, त्यावरून संच ठरवा, आणि दर कमी सांगणाऱ्यापेक्षा पाच वर्षे देखभाल लिहून देणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला काम द्या.